मूर्ती कुठे आहे? शिंतो देवळात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आई पहिल्यांदा टोकियोला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिला मेइजी जिंगू या तिथल्या प्रसिद्ध शिंतो देवळात नेलं. (शिंतो म्हणजे जपानचा मूळचा धर्म.) झाडीतून दहा-बारा मिनिटं चालत आम्ही मुख्य देवळासमोर पोचलो. पुढे दानपेटी, तिच्यापलीकडे मोकळं अंगण, त्यामागे आणखी एक छप्पर, आणि मग काहीच नाही. आई टाचा उंचावून आत बघत राहिली. मागची रांग खोळंबली. शेवटी तिने कुजबुजत विचारलं, "अगं, मूर्ती कुठे आहे?"

गेल्या नऊ वर्षांत माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने हा प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर कळलं की बाकीच्या रीती पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून आधी तेच सांगते. मूर्ती नाही. आपल्या गाभाऱ्यासारखी जी सगळ्यात आतली इमारत, तिला होन्देन म्हणतात. तिच्यात 'गोशिन्ताई' असतं, म्हणजे ज्यात देव वस्तीला आहे अशी वस्तू. कुठे आरसा, कुठे तलवार, कुठे रत्न. ती कायम झाकलेली. भाविकांना ती दिसावी अशी अपेक्षाच नसते. नारा प्रांतातल्या ओमिवा देवळाला तर होन्देनच नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव, आणि लोक डोंगराकडे तोंड करून हात जोडतात.

म्हणजे आपण देवळात जातो ते दर्शनाला. इथे लोक जातात ते हजेरी लावायला. देवाला डोळे भरून बघण्याची सोयच नाही, तेव्हा देवाने आपली दखल घ्यावी एवढंच उरतं. वाकणं, घंटा, टाळ्या हे सगळं त्यासाठी आहे: "आलोय हो मी."

आधी देऊळ कोणतं ते ओळखा

जपानमध्ये शिंतो देवळाला जिंजा म्हणतात आणि बौद्ध मंदिराला तेरा. दोन्ही लाकडी, दोन्हींची छपरं वळणदार, दोन्हींसमोर दानपेटी. पर्यटकांचा इथेच घोळ होतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे तोरिई: दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, कधी शेंदरी, कधी नुसतं लाकूड किंवा दगड. तोरिई दिसली की बहुतेक वेळा जिंजा. उदबत्त्यांचा धूर, बुद्धाची मूर्ती आणि बाजूला दफनभूमी दिसली की तेरा. नावावरूनही कळतं: जिंजा, जिंगू, ताइशा, तेनमांगू, हाचिमांगू हे सगळे शिंतो. नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' असेल तर बौद्ध.

हे एवढ्यासाठी सांगते की टाळ्या फक्त जिंजात वाजवायच्या. असाकुसाचं सेन्सो-जी, जिथे प्रत्येक टूरवाला नेतोच, ते बौद्ध मंदिर आहे. तिथे शांतपणे हात जोडायचे. एकदा तिथे एका अख्ख्या गटाने खणखणीत टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या जपानी आजींनी दचकून मागे पाहिलं. त्या गटात माझेच दीर-जाऊ होते.

गंमत म्हणजे हे दोन धर्म इतके काटेकोर वेगळे कधीच नव्हते. हजारेक वर्षं एकाच आवारात दोघांचं नांदणं चालू होतं. 1868 मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून देव आणि बुद्ध वेगळे केले. घराघरांत मात्र आजही बाळाला महिनाभराने जिंजात नेतात आणि अंत्यविधी बहुधा बौद्ध पद्धतीने करतात.

शिंतोला संस्थापक नाही, बायबल-कुराणासारखा एक ग्रंथ नाही. 712 सालचं 'कोजिकी' आणि 720 सालचं 'निहोन शोकी' यांत देवांच्या गोष्टी आहेत. देवाला म्हणतात 'कामी'. सूर्यदेवी आमातेरासु कामी आहे, तसाच एखादा धबधबा, डोंगर किंवा जुनं झाडही. आणि माणसंसुद्धा. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी कारस्थानामुळे दूर दाझाइफूला पाठवला गेला आणि तिथेच 903 मध्ये वारला. त्यानंतर राजधानीत विजा पडल्या, माणसं दगावली. त्याचा कोप झाला असं लोकांनी ठरवलं आणि त्याला शांत करायला देऊळ बांधलं. आज तो तेनजिन, विद्येचा देव. परीक्षेच्या मोसमात त्याच्या देवळात मुलांची झुंबड असते. गावकुसाबाहेरचा म्हसोबा आणि कोकणातला राखणदार माहीत असलेल्या मराठी माणसाला कामी समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

सुरुवात कुठून करावी

टोकियोत असाल तर मेइजी जिंगू. क्योटोत असाल तर फुशिमी इनारी, त्याचं पुढे सांगते.

मेइजी जिंगूसाठी जेआर यामानोते लाइनवर हाराजुकू स्टेशनला उतरा. पहिली तोरिई तिथून दोन मिनिटांवर. तिकीट नाही. दार सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, त्यामुळे वेळ दर महिन्याला बदलते. डिसेंबरात चारलाच बाहेर निघावं लागतं, हे ध्यानात ठेवा. जेवण आटोपून निवांत जाणाऱ्यांची फसगत होते. सकाळी आठच्या आत गेलात तर खडीवर फक्त आपल्याच पावलांचा आवाज येतो. खडी सगळीकडे आहे, म्हणून आई-वडिलांना घेऊन जात असाल तर त्यांना सपाट तळाचे बूट घालायला लावा.

हे देऊळ सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांचं. 1 नोव्हेंबर 1920 ला इथे त्यांची प्रतिष्ठापना झाली. 1945 च्या बाँबहल्ल्यात मुख्य इमारती जळाल्या, आत्ताच्या 1958 च्या. पण मला विचाराल तर इथलं खरं बघण्यासारखं म्हणजे जंगल. सुमारे 70 हेक्टर, आणि सगळं माणसांनी लावलेलं! देशभरातून लोकांनी सुमारे 1 लाख झाडं भेट पाठवली होती. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा यांचा हट्ट होता की देवळाला शोभतील असे उंच सुगी, म्हणजे सुईसारख्या पानांचे जपानी सीडर वृक्ष लावा. वनतज्ज्ञ होंदा सेइरोकु आणि त्यांचे सहकारी अडून बसले: या मातीत आणि शहराच्या धुरात सुगी टिकणार नाही. त्यांनी ओक, कापूर यांसारखी रुंद पानांची सदाहरित झाडं निवडली. पुढच्या शे-दीडशे वर्षांत माणसाचा हात न लागता जंगलाने स्वतःच वाढावं अशी आखणी केली. नियम एकच: इथलं बाहेर न्यायचं नाही. पायवाटेवर पडलेली पानं झाडूवाले लांबलचक झाडूंनी गोळा करतात आणि पुन्हा जंगलात टाकतात.

आपल्याकडच्या देवराईत वाळकी काडीसुद्धा उचलत नाहीत, तेच हे. फरक एवढाच की आपल्या देवराया राखलेल्या आहेत आणि ही देवराई नकाशा काढून लावलेली आहे. गावोगावच्या जिंजांभोवती मात्र जुनी, राखलेली रानंही असतात. त्यांना 'चिंजू नो मोरी' म्हणतात.

तोरिईपाशी

तोरिई म्हणजे उंबरठा. तिच्यासमोर क्षणभर थांबा, टोपी काढा, हलकेच वाका आणि मग आत या. हल्ली निम्मे जपानी लोकही हे विसरतात, पण जे करतात त्यांच्याकडे बघून बरं वाटतं. मेइजी जिंगूची मोठी तोरिई 12 मीटर उंच आहे. आधीच्या तोरिईवर 1966 मध्ये वीज पडली, ही 1975 ची, तैवानच्या हिनोकी लाकडाची.

आत चालताना मधोमध चालू नका. वाटेचा मध्य कामीचा. एका कडेने चाला. गर्दीत हे जमत नाही, तेव्हा जमेल तेवढं करा.

वाटेत किंवा देवळासमोर दोन दगडी प्राणी दिसतील, कोमाइनु. अर्धे सिंह, अर्धे कुत्रे. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. जपानीत या जोडीला 'आ-उन' म्हणतात. हा शब्द संस्कृतातून बौद्ध धर्माबरोबर इथवर आला: उघड्या तोंडाचा पहिला स्वर आणि मिटल्या ओठांचा शेवटचा ध्वनी. हे सांगितल्यावर आईने त्या कुत्र्यालाही नमस्कार केला.

पाणी

देवळाच्या अलीकडे छपराखाली पाण्याचं दगडी कुंड असतं, चोझुया. तिथे हात आणि तोंड धुवायचं. लांब दांड्याचं बांबूचं किंवा लाकडाचं ओगराळं असेल तर क्रम असा, आणि हे सगळं एका ओगराळ्यात भागवायचं:

1. उजव्या हातात ओगराळं धरून पाणी घ्या, डावा हात धुवा.
2. ते डाव्या हातात घ्या, उजवा हात धुवा.
3. परत उजव्या हातात घ्या, डाव्या ओंजळीत थोडं पाणी ओता आणि त्याने तोंड खळबळा. चूळ कुंडाच्या बाहेर, खालच्या खडीत, आवाज न करता.
4. डावा हात पुन्हा धुवा.
5. ओगराळं उभं धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तुम्ही धरलेली जागा धुतली जाईल. मग ते पालथं ठेवा.

ओगराळ्याला थेट तोंड लावायचं नाही. आणि हे आचमन नाही, पाणी प्यायचं नाही. माझे सासरे पळी-पंचपात्राच्या सवयीने "केशवाय नमः" म्हणत तीनदा प्यायले. पोटाला काही झालं नाही, पण मागच्या शाळकरी मुली हसू दाबत होत्या. कोरोनानंतर कितीतरी देवळांनी ओगराळी काढून टाकली आणि बांबूच्या नळीतून वाहतं पाणी ठेवलं. तिथे नुसते हात धुतले तरी पुरे. काही कुंडांत पाण्यावर फुलं तरंगत ठेवलेली असतात. ती फोटोसाठी, त्यात हात घालू नये.

शुद्धीची ही काळजी आणखी एका ठिकाणी दिसते. घरात मृत्यू झाला तर रूढीनुसार साधारण 50 दिवस जिंजात जात नाहीत. म्हणजे सरळ सरळ सुतक. पर्यटकाला कुणी विचारणार नाही, पण जपानी मित्र "मी बाहेर थांबतो" म्हणाला तर कारण हे असू शकतं; आग्रह करू नका.

हजेरी

आता दानपेटी. पाच येनचं नाणं आधीच खिशात वेगळं काढून ठेवा. जपानीत पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध, चांगल्या गाठीभेटी. म्हणून पाच. ओळखायला सोपं: पिवळसर, मधे भोक, आणि आकडाच नाही, किंमत नुसत्या जपानी अक्षरांत लिहिलेली. भोकाचं रुपेरी नाणं 50 चं असतं. दहा येन टाकू नये म्हणतात, कारण 'तो-एन' म्हणजे दुरावलेला संबंध असाही अर्थ निघतो. मला विचाराल तर दहाच हाताला लागले तर दहा टाका. नाणं लांबून भिरकावू नका, हलकेच सोडा.

घंटेला बांधलेली जाड दोरी असेल तर ती एकदा-दोनदा हलवा. मोठ्या देवळांत बरेचदा घंटा नसते. मग क्रम: दोन नमस्कार, दोन टाळ्या, एक नमस्कार. नमस्कार म्हणजे हात जोडून नव्हे, कमरेतून नीट वाकून. टाळी वाजवताना उजवा तळवा डाव्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा खाली ठेवतात, आवाज मोकळा येतो. दुसऱ्या टाळीनंतर तळवे जुळवून मागणं मागायचं, आणि शेवटी पुन्हा एकदा वाकायचं. इझुमो ताइशा आणि क्यूशूमधल्या उसा जिंगूला चार टाळ्या, बाकी बहुतेक ठिकाणी दोनच. मागे रांग असेल तर पेटीच्या एका कडेला उभे राहा. मधली जागा हवी म्हणून अर्धा तास थांबणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मनात काय म्हणायचं? इथेच ती हजेरीची गोष्ट येते. जाणकार जपानी बायका सांगतात, आधी आपलं नाव आणि पत्ता सांग. मग आजवर जे मिळालं त्याबद्दल आभार मान. मागायचं ते शेवटी. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थेट पूजेतला संकल्प आठवला: गुरुजी देश, काळ, गोत्र, नाव सगळं म्हणवून घेतात आणि मगच कामाला लागतात. एवढ्या गर्दीत नेमकं कोण बोलतंय हे देवाला कळायला नको?

ही हजेरी रीतसर लावायची असेल तर 'गोकितो' करून घेता येते. देवळाच्या कचेरीत अर्ज भरायचा, साधारण 5 हजार येनपासून पुढे दक्षिणा. मग बूट काढून आतल्या सभागृहात बसवतात. पुजारी कागदी झिरमिळ्यांची काठी डोक्यावरून फिरवतात आणि जुन्या जपानीत नोरितो, म्हणजे देवापुढची प्रार्थना म्हणतात, ज्यात तुमचं नाव आणि पत्ता देवाला वाचून दाखवतात. आमच्या मुलीच्या शिचि-गो-सानला आम्ही हे केलं. तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांचा तो सोहळा 15 नोव्हेंबरच्या आसपास असतो. त्या गंभीर, लांबलेल्या सुरात "कुरुकारुनी" ऐकू आलं आणि नवऱ्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. कुलकर्णी आडनावाचं जपानीत तेवढंच होऊ शकतं. शेवटी एका उथळ वाटीत चमचाभर साके, म्हणजे तांदळाची दारू देतात. देवापुढे ठेवलेला नैवेद्य वाटून घेण्याचाच तो प्रकार. घेत नसाल तर ओठाला लावल्यासारखं करा, कुणी रागावत नाही.

खिडकीपाशी काय काय मिळतं

बाजूला एक लांब खिडकी असते, आत पांढरा झगा आणि लाल हाकामा (घोळदार पायजम्यासारखा पोशाख) घातलेल्या मुली. त्या मिको, देवळात सेवा करणाऱ्या. तिथे जे मिळतं त्याला 'विकत घेणं' म्हणत नाहीत, 'स्वीकारणं' म्हणतात. किमतीला शब्दही वेगळा, 'हात्सुहो-र्‍यो': पिकाच्या पहिल्या लोंबीचं मोल. तेव्हा तिथे घासाघीस नको.

ओमामोरी म्हणजे ताईत. परीक्षा, सुखरूप बाळंतपण, प्रवास, धंदा, प्रत्येकाचा वेगळा. रेशमी पिशवीच्या आत काय आहे ते उघडून पाहायचं नाही, हाही झाकल्या देवाचाच नियम. वर्षभराने तो देवळात परत देतात. तिथे जुन्या ताइतांची पेटी असते आणि त्यांचं विधिपूर्वक दहन होतं. भारतात नेलात तर अर्थातच परत द्यायला येणं होत नाही. माझ्या मामेबहिणीने देव्हाऱ्यात ठेवलाय, ठीकच आहे.

एमा ही नवसाची लाकडी पाटी. पूर्वी देवाला घोडा अर्पण करत, मग घोड्याचं चित्र आलं. 'एमा' याचा शब्दशः अर्थच चित्रातला घोडा. मागे इच्छा लिहा, नाव लिहा, टांगा. मराठीत लिहिलं तरी चालतं. एकदा मेइजी जिंगूत देवनागरीत "बाबांचा व्हिसा होऊ दे" असं वाचून मीही नकळत दोन टाळ्या वाजवल्या. पूर्ण पत्ता आणि फोन नंबर मात्र लिहू नका. देवाला तो मनात सांगून झालाय, पाटी सगळं जग वाचतं.

ओमिकुजी म्हणजे कौल. डबा हलवायचा, छिद्रातून काडी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. साधारण 100 ते 200 येन. 'दाइकिची' सर्वांत शुभ, 'दाइक्यो' सर्वांत वाईट, मधे बऱ्याच पायऱ्या. कोकणात देव उजवा देतो की डावा याची जी धाकधूक, तीच इथे. वाईट निघाली तर तारेवर किंवा दोरीवर बांधून यायची, चांगली निघाली तर जवळ ठेवायची. झाडाला बांधू नका, फांद्यांना इजा होते. मेइजी जिंगूची चिठ्ठी निराळी आहे. तिच्यात शुभ-अशुभ नाहीच, सम्राट किंवा सम्राज्ञीची एक कविता असते, इंग्रजी अर्थासह. आईला ते फारसं रुचलं नाही. "कौल म्हणजे कौल, कविता काय द्यायची," असं तिचं म्हणणं.

आणि गोशुइन. काळ्या शाईने ब्रशने लिहिलेलं देवळाचं नाव, तारीख आणि वर लाल शिक्के. त्यासाठी खास घडीची वही मिळते, गोशुइनचो. ती देवळातच घ्या. साध्या वहीवर किंवा पासपोर्टवर मागू नका, बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. वही कोऱ्या पानावर उघडून द्यायची, साधारण 300 ते 500 येन, शक्यतो सुटे. लिहिणाऱ्याच्या हाताचा फोटो न विचारता काढू नये. जपानची आठवण म्हणून काय न्यावं असं कुणी विचारलं की मी फ्रिजवरच्या चुंबकांऐवजी हेच सांगते.

काय नेऊ नये, काय करू नये

नारळ, हार, पेढे नेऊ नका, चढवायची सोय नाही. बूट आवारात काढायचे नसतात, फक्त सभागृहात शिरताना. कपड्यांचे नियम नाहीत, पण गोकितोला बसणार असाल तर अर्धी चड्डी नको. फोटो आवारात चालतात, मात्र मुख्य देवळासमोर, छपराखाली बहुतेक ठिकाणी मनाई असते, पाटी बघा. मेइजी जिंगूत शनिवार-रविवारी लग्नाची मिरवणूक हमखास दिसते: पांढऱ्या किमोनोत वधू, लाल छत्री, पुढे पुजारी. लांबून फोटो काढा, वधूच्या शेजारी जाऊन सेल्फी नको. हे सांगावं लागतं, यातच काय ते समजा.

तोरिईच्या तुळईवर दगड फेकणं, तिला लोंबकळणं, कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली शिमेनावा ओलांडणं हे कुठेही नको. शिमेनावा म्हणजे वळलेल्या पेंढ्याचा दोर, ज्याला वेडेवाकडे पांढरे कागद लटकतात. तो दिसला की पलीकडचं सगळं, झाड असो की खडक, देवाचं.

गर्दी टाळायची असेल तर 1 ते 3 जानेवारी टाळा. नववर्षाच्या पहिल्या भेटीला, हात्सुमोदेला, मेइजी जिंगूत या तीन दिवसांत सुमारे 30 लाख लोक येतात. उलट 30 जूनच्या सुमारास असाल तर एखाद्या जिंजात गवताचं मोठं कडं उभं केलेलं शोधा. त्यातून इंग्रजी आठाच्या आकारात डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून जायचं म्हणजे अर्ध्या वर्षाचा मळ झडतो. मुलांना हे फार आवडतं.

टोकियोबाहेर

फुशिमी इनारी क्योटो स्टेशनपासून जेआर नारा लाइनवर दुसऱ्या स्टेशनला, इनारीला. देवळाची परंपरा 711 पर्यंत मागे जाते. चोवीस तास उघडं, तिकीट नाही. इनारी हा भाताचा आणि धंद्याचा देव, कोल्हे त्याचे दूत. कोल्हा म्हणजे देव नव्हे, हे मुलांना समजावून सांगा. एका कोल्ह्याच्या तोंडात किल्ली असेल, दुसऱ्याच्या भाताची लोंबी. शेंदरी तोरिईंची ती प्रसिद्ध रांग लोकांनी आणि दुकानदारांनी नवसापोटी दिलेली. चढताना त्या कोऱ्या दिसतात, मागे वळून बघितलं की खांबांवर देणाऱ्यांची नावं आणि तारखा दिसतात. आपल्याकडच्या देवळातल्या फरशीवरच्या देणगीदारांच्या नावांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. डोंगर 233 मीटरचा, पूर्ण फेरीला दोन-तीन तास. सकाळी सातच्या आत पोचा. गर्दी पहिल्या वीस मिनिटांच्या वाटेवर असते, पुढे मोकळं.

शाकाहारींसाठी: पायथ्याशी मिळणारी इनारीझुशी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात, दिसायला पूर्ण शाकाहारी असते. पण तोफू बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेला असतो. विचारून घ्या.

इसे हे आमातेरासुचं, सगळ्यांत वरचं स्थान. तिथली मुख्य देवळं दर 20 वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हुबेहूब नव्याने बांधतात आणि देवाला तिकडे हलवतात. मागचं स्थलांतर 2013 ला झालं, पुढचं 2033 ला. आधी बाहेरचं गेकू, मग आतलं नाइकू असा क्रम. इथे कौलाची चिठ्ठी नाही, पायऱ्यांवरून पुढे फोटो नाही. चार कुंपणांआडून छपराचं टोक तेवढं दिसतं. मूर्ती शोधणाऱ्यांना इथे आधी पाठवू नये.

आणि आपल्या माणसांना मी आवर्जून नेते ते एनोशिमाला. शिंजुकूहून ओदाक्यू लाइनने तासाभरात समुद्रातल्या या बेटाजवळ पोचता येतं. इथली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर आलेली. वीणेच्या जागी बिवा हे वाद्य. 1868 च्या हुकमानंतर देवळाच्या मुख्य देवता तीन शिंतो भगिनी झाल्या, पण बेन्झाइतेन आवारातल्या एका छोट्या अष्टकोनी इमारतीत राहिली. तिथे थोडे पैसे देऊन आत गेलं की दोन मूर्ती समोर दिसतात, एक आठ हातांची, एक बिवा वाजवणारी. आई तिथे अर्धा तास हलली नाही. जवळच कामाकुरात झेनिआराइ बेन्तेन आहे. डोंगरातल्या बोगद्यातून आत जायचं, टोपलीत पैसे घालून झऱ्याच्या पाण्यात धुवायचे. धुतलेले पैसे वाढतात म्हणे, पण ते खर्च करावे लागतात. नोटा भिजवायच्या असतील तर टोक तेवढं भिजवा.

शेवटी, गल्लीतलं देऊळ

मोठी देवळं झाली की हॉटेलच्या आसपासच्या गल्लीत एक तरी जिंजा शोधा. जपानभरात सुमारे 80 हजार आहेत, दहा मिनिटांच्या आत एखादं सापडतंच. बहुतेकदा पुजारी नसतो, खिडकी नसते, ताईत नसतात. दोन कोमाइनु, एक दानपेटी, शेजारी मुलांची घसरगुंडी. सकाळी सायकल लावून कुणी सूटवाला दोन टाळ्या वाजवतो आणि स्टेशनकडे निघतो. मी सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या तिथे वीस सेकंदांत उरकतात, आणि त्या अशा उरकताना बघितल्या की जास्त नीट समजतात.

परतायच्या आदल्या दिवशी आईला आमच्या इमारतीमागच्या जिंजात नेलं. यावेळी ती आत डोकावली नाही. हात धुतले, पाच येन टाकले, वाकली, टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून मला विचारलं, "पत्ता कुठला सांगू गं, सातारचा की इथला?"